गाळणी आणि विरजण

दोन वर्षांपूर्वीच्या वसुबारसेला मी घरातला फिश टँक स्वच्छ केला. दिवाळीची आवराआवर चालू होती. माळ्यावरची भांडी खाली आली होती, पंखे पुसून झाले होते आणि माझ्या वाट्याला काचेची तीन फुटी टाकी आली होती. टाकीखालच्या कपाटातला कॅनिस्टर फिल्टर मी मोरीत नेला, उघडला आणि आतली एकेक वस्तू नळाच्या धारेखाली चोळून धुतली. स्पंजमधून तपकिरी, गढूळ पाणी निघत राहिलं. सिरॅमिकच्या रिंगांवर एक बुळबुळीत थर बसला होता, तोही ब्रशने घासून काढला. संध्याकाळी फिल्टर पुन्हा जोडला तेव्हा पाणी इतकं नितळ दिसत होतं, की मासे हवेत तरंगताहेत असं वाटावं.

पाडव्याला एंजल मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. भाऊबीजेच्या सकाळी चार मासे तळाशी आडवे पडले होते. सुट्टीला आलेल्या नातीने काचेला नाक लावून विचारलं, "आजोबा, पाणी तर एवढं स्वच्छ आहे. मग मासे मेले कसे?"

इतिहास शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली आहेत, पण या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दुकानदाराने बाटलीत नेलेल्या पाण्यात दोन प्रकारचे थेंब टाकले. पिवळं राहायला हवं होतं ते पाणी गडद हिरवं झालं. "काका, अमोनिया. फिल्टर धुतलात का?" एवढंच तो म्हणाला.

यंदा पावसाळ्यात त्याच फिल्टरची रबरी रिंग गळायला लागली आणि नवा घ्यायची वेळ आली. दुकानदाराने दोन खोकी समोर ठेवली. किंमत जवळपास सारखी. एकावर ताशी १४०० लिटर पाणी फिरवण्याचा दावा होता, पण डबा लहान होता. दुसऱ्यावर ताशी १००० लिटर लिहिलं होतं, आणि त्याचं पोट पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट होतं. कोणता घ्यावा? मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि घरी येऊन जुन्या सवयीने मुळापासून सुरुवात केली. या डब्याला आपण गाळणी समजतो. त्याच्या आत नेमकं काय चालतं, आणि ते माणसाला कधी कळलं, हे शोधताना जी गोष्ट हाती लागली ती मला फार जवळची वाटली. एका बापलेकाची गोष्ट आहे ती.

रॉबर्ट वॉरिंग्टन हा लंडनमधल्या औषधविक्रेत्यांच्या संस्थेतला, सोसायटी ऑफ अपॉथेकरीजमधला रसायनज्ञ. मे १८४९ मध्ये त्याने बारा गॅलनचं एक काचेचं भांडं घेतलं, त्यात तळाला वाळू आणि चिखल घातला, निम्मं पाणी भरलं, व्हॅलिस्नेरिया ही फितीसारख्या पानांची पाणवनस्पती लावली आणि दोन लहान गोल्डफिश सोडले. मासे प्राणवायू घेतात, वनस्पती तो परत देतात, तेव्हा पाणी न बदलताही दोघं जगावेत, हा त्याचा हिशेब होता. काही दिवसांनी पानं कुजू लागली आणि पाणी गढुळलं. मग त्याने तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली आणि पाणी निवळलं. मार्च १८५० मध्ये त्याने हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. मासा, वनस्पती आणि गोगलगाय या तिघांनी मिळून तोललेली टाकी, ही कल्पना तिथून पसरली.

या तिघांखेरीज त्या भांड्यात आणखी कोणी होतं, हे वॉरिंग्टनला कळणं शक्यच नव्हतं. मासा श्वास सोडतो तसाच कल्ल्यांवाटे अमोनियाही सोडतो, आणि अमोनिया हे माशाला विष आहे. तळातली वाळू आणि चिखल त्याने वनस्पतीच्या मुळांसाठी घातला होता. मासे जगले त्यात त्या चिखलाचाही मोठा वाटा होता.

मे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांसाठी काचेचं खास दालन उघडलं. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाचं 'द अॅक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि हा शब्द इंग्रजीत रुळला. दिवाणखान्यात काचेची टाकी ठेवणं ही इंग्लंडातल्या मध्यमवर्गाची हौस झाली. पण बहुतेकांच्या टाक्या टिकत नसत. पुस्तकातला तोल घरी साधत नसे. मासे थोडे जास्त झाले, खाणं थोडं जास्त पडलं, की एका सकाळी सगळं संपलेलं असे. पाणी अनेकदा स्वच्छ दिसत असूनही. माझ्या नातीने विचारलेला प्रश्न त्या काळी कित्येक घरांतून विचारला गेला असणार.

विल्यम आल्फर्ड लॉइड हा लंडनमध्ये टाक्या आणि सागरी जीव विकणारा माणूस. घरोघरीची ही अपयशं त्याने जवळून पाहिली होती. १८६४ मध्ये सुरू झालेलं हॅम्बुर्गचं मत्स्यालय त्याने उभारलं आणि १८७१ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमधलं. त्याचा आग्रह असा, की पाणी साचू देऊ नका, रात्रंदिवस फिरतं ठेवा. क्रिस्टल पॅलेसला लोकांना दिसणाऱ्या टाक्यांच्या मानाने कितीतरी मोठा एक अंधारा हौद खाली होता. वाफेच्या पंपांनी पाणी हौदातून वर, टाक्यांमधून फिरून पुन्हा खाली, असं अखंड वाहत राही. हौद अंधारा ठेवला तो पाणी गार राहावं आणि शेवाळ वाढू नये म्हणून.

माझ्या टाकीखालच्या कपाटातला डबा या हौदाचा थेट वंशज आहे. दिसणारी टाकी वर, न दिसणारं अंधारं पात्र खाली आणि दोघांमध्ये सतत फिरणारं पाणी. फरक इतकाच, की आता हौदाच्या जागी एक बंद डबा आला आहे. लॉइडने योजना बरोबर केली होती. ती चालते का, याचं उत्तर मात्र त्याला हवा आणि गारवा यापलीकडे देता येत नव्हतं.

ते उत्तर दुसऱ्याच वाटेने येत होतं. ही वाट शेताची, गटाराची आणि, दिवाळी अंकात सांगायला हरकत नाही, फटाक्याची आहे. बंदुकीच्या दारूत आणि फटाक्यात लागणारा सोरा हे एक नायट्रेट. गोठ्याजवळच्या, मूत्र मुरलेल्या जमिनीवर पांढरी फुली धरते, ती खरवडून, धुऊन, आटवून सोरा काढत. बिहारमधले नोनिया पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करत आणि ईस्ट इंडिया कंपनीने तो सोरा जहाजं भरभरून युरोपात नेला. मूत्रातल्या द्रव्यापासून अमोनिया होतो आणि अमोनियाचा मातीत सोरा होतो, हे व्यवहारात माहीत होतं. कसा होतो हे माहीत नव्हतं. बहुतेक रसायनज्ञ त्याला हवेतल्या प्राणवायूची निव्वळ रासायनिक करामत समजत. एडवर्ड फ्रँकलंड हा त्या काळचा मोठा इंग्रज रसायनज्ञ. नद्यांच्या प्रदूषणाची चौकशी करणाऱ्या आयोगात असताना, १८७० च्या सुमारास, त्याने गटाराचं पाणी मातीच्या आणि वाळूच्या थरांतून थांबत थांबत सोडलं तर ते शुद्ध होतं, हे दाखवून दिलं. पण त्यालाही ते रसायनशास्त्राचंच काम वाटलं.

१८७७ मध्ये पॅरिसला थिओफिल श्लोझिंग आणि आशिल म्युंट्झ यांनी एक मीटर लांबीच्या काचेच्या नळीत भाजलेली वाळू आणि थोडी चुनखडी भरली आणि तिच्यातून गटाराचं पाणी अगदी हळू झिरपू दिलं. वीस दिवस काहीच घडलं नाही. अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत राहिला. विसाव्या दिवसानंतर नायट्रेट दिसू लागलं आणि बघता बघता अमोनिया नाहीसा झाला. ही जर नुसती रासायनिक क्रिया असती तर ती पहिल्याच दिवशी सुरू व्हायला हवी होती. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. क्रिया बंद पडली. क्लोरोफॉर्म काढून घेतला तरी ती आपली आपण सुरू होईना. शेवटी थोडी बागेची माती पाण्यात कालवून ते पाणी नळीत ओतलं, आणि काही दिवसांनी नायट्रेट पुन्हा येऊ लागलं.

इथे मी पुस्तक मिटून ठेवलं. त्यांनी जे केलं त्याला आपल्याकडे शब्द आहे. त्यांनी विरजण घातलं होतं. नळीत जिवंत काहीतरी होतं, ते वाढायला वीस दिवस लागले, गुंगीच्या औषधाने ते संपलं आणि चमचाभर जुन्या मातीने पुन्हा लागलं. नव्या टाकीत एकदम मासे सोडू नका, तीन-चार आठवडे थांबा, असं प्रत्येक दुकानदार सांगतो. ते तीन-चार आठवडे म्हणजे पॅरिसच्या त्या नळीतले वीस दिवस.

ही बातमी इंग्लंडात पोचली तेव्हा रॉथमस्टेडच्या शेतकी प्रयोगशाळेतल्या एका रसायनज्ञाने ती लगेच उचलली. त्याचंही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश सोडणाऱ्या वॉरिंग्टनचा हा मुलगा. बापाने ते भांडं मांडलं तेव्हा तो दहा वर्षांचा होता, आणि नातीसारखंच त्यानेही काचेला नाक लावलं असेल असं मला वाटतं. १८७८ पासून पुढे दहा-बारा वर्षं त्याने एकच विषय धरला: अमोनियाचं नायट्रेट कोण करतं? अंधारात ठेवलेल्या द्रावणात हे काम चालतं आणि उजेडात अडतं, हे त्याला आढळलं. काम दोन टप्प्यांत होतं, आधी अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्राइटचं नायट्रेट, आणि दोन्ही टप्प्यांचे कर्ते निरनिराळे आहेत, हे त्याने दाखवलं. त्या कर्त्यांना मात्र त्याला वेगळं काढता आलं नाही. जिवाणू वाढवायच्या तेव्हाच्या रीतीप्रमाणे तो जिलेटिन वापरत होता, आणि त्यावर हे जिवाणू धरत नव्हते.

१८९० मध्ये ते कोडं सुटलं. झुरिचला काम करणाऱ्या सेर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने सेंद्रिय अन्नाचा कणही नसलेल्या द्रावणात हे जिवाणू वाढवले. ते अमोनियावर जगतात आणि अंग घडवायला लागणारा कार्बन कार्बन डायऑक्साइडमधून घेतात. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये पर्सी फ्रँकलंड आणि त्याची पत्नी ग्रेस यांनीही द्रावण पुन्हा पुन्हा विरळ करत असाच जिवाणू वेगळा केला. हा पर्सी म्हणजे गटाराचं पाणी वाळूतून सोडणाऱ्या एडवर्ड फ्रँकलंडचा मुलगा. दोन बापांनी पाणी शुद्ध होताना पाहिलं होतं आणि कारण चुकीचं किंवा अपुरं सांगितलं होतं. दोन मुलांनी ते कारण दुसऱ्याच अंगाने शोधलं. थोरला वॉरिंग्टन १८६७ मध्येच गेला होता. आपली टाकी कशामुळे जगली हे आपलाच मुलगा शोधून काढणार आहे, हे त्याला कळलं नाही.

यानंतर मासे पाळणाऱ्यांनी हे ज्ञान ताबडतोब उचललं असेल असं आपल्याला वाटेल. तसं झालं नाही. जिवाणूंचं संशोधन शेतीच्या आणि सांडपाण्याच्या पुस्तकांत राहिलं, टाकीची पुस्तकं हौसेच्या कपाटात राहिली. फिल्टर म्हणजे काचतंतू आणि कोळसा भरलेली डबी, घाण अडकली की धुवायची किंवा फेकायची, ही समजूत विसाव्या शतकात बराच काळ टिकली. शब्दानेच घात केला असं मी म्हणेन. फिल्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चहाची गाळणी येते, आणि गाळणी जितकी स्वच्छ तितकी चांगली. आपली नजरही काचेपुढे थांबते. १९५१ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं. शाळेच्या सहलीत तिथल्या काचांपुढे मी कितीतरी वेळ उभा राहिलो होतो. हे पाणी जातं कुठे, असं विचारायचं तेव्हा सुचलं नाही.

कॅनिस्टर आला तो युद्धोत्तर जर्मनीतून. गुंथर एहाइम या तंत्रज्ञाने १९४९ मध्ये सुरू केलेल्या कारखान्यातून १९६० च्या दशकात बंद डब्याचा, बाहेर ठेवायचा फिल्टर बाजारात आला. अडचण पंपाची होती. मोटरचा दांडा पाण्यात शिरतो तिथे आज ना उद्या गळती होते. त्यावर तोड अशी, की पंखा चुंबकाला जोडायचा, तो पाण्यात ठेवायचा आणि विजेची गुंडाळी भिंतीपलीकडे सीलबंद करायची. दांडाच नाही, तर गळणार कुठून? या युक्तीमुळे पंप वर्षानुवर्षं अखंड चालू लागला, आणि अखंड चालणं हीच त्या जिवाणूंची पहिली गरज आहे. प्राणवायू आणि अमोनिया दोन्ही त्यांना वाहत्या पाण्यातून मिळतात.

टाकीतल्या त्या जिवाणूंची ओळख अजूनही पुरती झालेली नाही. शंभर वर्षं पुस्तकांत नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही जोडी पाठ केली जात होती. १९९६ मध्ये टिमोथी होव्हानेक आणि एडवर्ड डीलाँग यांनी जनुकीय पद्धतीने तपासलं तेव्हा गोड्या पाण्याच्या टाक्यांमध्ये ही जोडी जवळजवळ सापडलीच नाही. दोन वर्षांनी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की दुसरा टप्पा नायट्रोस्पायरा नावाचे वेगळेच जिवाणू सांभाळतात. २०१५ मध्ये तर दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारा नायट्रोस्पायरा सापडला. त्याचा शोध एकाच वेळी दोन गटांनी लावला, आणि त्यांपैकी नेदरलँड्सच्या गटाला तो मिळाला मत्स्यपालनाच्या टाक्यांना जोडलेल्या एका फिल्टरमध्ये. धाकट्या वॉरिंग्टनने मांडलेल्या नियमाला अपवाद मिळाला तो थोरल्याच्या छंदाच्या घरात.

हे सगळं वाचून झाल्यावर मोरीतला तो प्रसंग मला नीट दिसला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आपल्या पोटासाठी असतं. जिवाणू मारणं हेच त्याचं काम, आणि माझ्या रिंगांवर त्याने ते चोख केलं. उरलेसुरले ब्रशने काढले. ज्याला मी मळ समजलो ते विरजण होतं. हे जिवाणू सावकाश वाढतात, त्यामुळे नवा थर धरायला काही आठवडे लागले असते, आणि माशांकडे तेवढे दिवस नव्हते. त्यात आमचं पाणी किंचित अल्कधर्मी. पीएच ७ असताना पाण्यातल्या अमोनियाचा शंभरातला एखादा भागही विषारी रूपात नसतो. पीएच ८ झाला की तो जवळजवळ दसपट होतो. पाण्याला ना रंग आला, ना वास.

मग समोरच्या दोन खोक्यांचा निकाल सोपा झाला. माझी टाकी ९० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटरची, म्हणजे काठोकाठ १८२ लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा करता दीडशेच्या आसपास. ताशी चार वेळा एवढं पाणी फिरलं तरी पुरे. खोक्यावरचा आकडा रिकाम्या डब्याचा असतो. स्पंज आणि रिंगा भरल्या, पाइपची वळणं आली आणि थोडा गाळ धरला, की तो निम्म्याच्या आसपास येतो असं धरावं. ताशी १००० मधले ६०० उरले तरी मला चालतात. १४०० च्या जोरदार धारेने एंजलसारखा उंच, चपटा मासा उलट दमतो. जिवाणूंना हवी असते ती जागा, आणि जागा मोठ्या पोटाच्या डब्यात होती. दहा-पंधरा वॉटची मोटर दिवसरात्र चालली तरी महिन्याला दहा-अकरा युनिटच्या पुढे जात नाही, म्हणून तोही मुद्दा उरला नाही.

एक मुद्दा आपल्याकडचा होता. आमच्या भागात कधीकधी वीज सहा-सात तास जाते. बंद डब्यातलं पाणी थांबलं, की आतले जिवाणू उरलेला प्राणवायू संपवतात आणि मग मरू लागतात. वीज येताच ते कुजकं पाणी टाकीत ढकललं जातं. मोठ्या पोटात हा धोका मोठा. म्हणून डब्याच्या पाइपांवर तोट्या आहेत का आणि झाकण एका माणसाला पटकन उघडता येतं का, हे मी दुकानातच उघडून पाहिलं. वीज फार वेळ गेली तर डबा सोडवून आतलं पाणी ओतून द्यायचं, टाकीतलं थोडं पाणी घालून जोडायचा आणि मगच सुरू करायचा, असं ठरवलं.

"मोठ्या पोटाचा द्या," मी सांगितलं. दुकानदार हसला. "काका, जुन्यातला स्पंज फेकू नका हं."

फेकला नाही. जुन्या डब्यातला तपकिरी स्पंज आणि निम्म्या रिंगा तशाच ओल्या नव्या डब्यात ठेवल्या: खाली जाड स्पंज, वर रिंगा. पहिले दहा दिवस मासे मोजकेच ठेवले, रोज चिमूटभर खाणं टाकलं आणि दोन-दोन थेंब टाकून पाणी तपासत राहिलो. एकदाही ते हिरवं झालं नाही.

यंदाही वसुबारसेच्या आधी आवराआवर होईल. टाकी पुन्हा माझ्याच वाट्याला येईल. टाकीतलं बादलीभर पाणी काढून घेईन, त्यात स्पंज दोनदा पिळीन, रिंगांना हात लावणार नाही. नात येणार आहे. तिचा प्रश्न तिच्या लक्षात असेल की नाही कोण जाणे, पण ती आली की टाकीसमोर न बसवता आधी तिला खालचं कपाट उघडून दाखवणार आहे.